लकडगंजांत समुद्र आणावा काय ?

हौसेला मोल नाहीं, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ती ज्यानें प्रथम उच्चारली त्याच्या मनांत केवळ पैशाचें मोल असावें. परंतु पैशाखेरीज हौसेला आणखी एक मोल पडतें, आणि पुष्कळदां तें हौस करणारा देत नसून दुसराच कोणी मुका जीव देत असतो. पोपट बाळगण्याची हौस मनुष्याची आणि पिंजरा मात्र पोपटाच्या नशिबीं, हें आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलों आहों. अलीकडे या जुन्या हौसांत एका नव्या हौसेची भर पडली आहे. घराच्या बैठकींत कांचेची मोठी पेटी मांडावी, तींत खारें पाणी भरावें, वर निळसर दिवे लावावेत आणि त्या प्रकाशांत प्रवाळें व रंगीबेरंगी मासे यांचा एक लहानसा समुद्रच नांदवावा, ही ती हौस होय. लांकडाच्या वखारींच्या शेजारीं राहणाऱ्या लकडगंजांतील एखाद्या तरुणानेंही असा समुद्र घरीं आणावयाचें मनांत घ्यावें, यांत आतां नवल उरलेलें नाहीं.

या हौसेविषयीं माझें मत प्रथमच स्पष्ट सांगतों. ती वाईट नाहीं. किंबहुना, नीट केली तर ती अभ्यासाची एक उत्तम शाळा होऊं शकते. परंतु तिचा आरंभ पाण्यापासून झाला पाहिजे आणि समुद्रांतून तोडून आणलेलें प्रवाळ तींत कधींच येतां कामा नये. हें मत केवळ भूतदयेचें नसून हिशेबाचें, शास्त्राचें आणि कायद्याचेंही आहे, असें पुढील विवेचनावरून वाचकांस दिसून येईल.

नागपूर आणि समुद्र यांचें नातें काय, तें आधीं पाहूं. मुंबई येथून आगगाडीनें आठशें किलोमीटरांहून अधिक दूर. शहराच्या मध्यभागीं झीरो माइलचा जो दगडी स्तंभ उभा आहे, त्या स्थळाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारें १०२० फूट. आपला समुद्राशीं नित्याचा संबंध म्हणाल, तर काय तो या आंकड्यापुरता आणि स्वयंपाकघरांतील मिठाच्या बरणीपुरता. येथील कित्येक मुलें शाळा संपेपर्यंत समुद्र पाहत नाहींत. भूगोलाच्या पुस्तकांत ‘भरती-ओहोटी’ हे शब्द तीं पाठ करतात. पण पायाखालची वाळू लाट मागें फिरतांना कशी सरकते, हें त्यांस ठाऊक नसतें. ज्यानें समुद्र पाहिला नाहीं त्यालाच त्याची ओढ अधिक असावी, हें स्वाभाविक आहे. म्हणून या हौसेची थट्टा करण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं.

आतां जें घरांत आणावयाचें तें आहे तरी काय ? प्रवाळ म्हणजे दगड नव्हे व झाडही नव्हे. तो प्राणी आहे. टांचणीच्या डोक्याएवढे किंवा त्याहून थोडे मोठे असे असंख्य जीव एकमेकांस चिकटून राहतात आणि समुद्राच्या पाण्यांतील चुना घेऊन आपल्या अंगाखालीं घर बांधतात. एक पिढी जाते, तिच्या घरावर दुसरी पिढी घर बांधते, आणि अशा रीतीनें हजारों वर्षांत प्रवाळाची भिंत उभी राहते. गोलसर, भरीव जातीचीं प्रवाळें वर्षाकाठीं साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास वाढतात. या जीवांच्या शरीरांत अतिसूक्ष्म शैवाल राहतें. तें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतें आणि त्यांतील मोठा वांटा आपल्या यजमानास देतें. प्रवाळाचा बराचसा रंगही या शैवालाचाच. पाणी नेहमींपेक्षां एकदोन अंशांनीं अधिक तापून कांहीं आठवडे तसेंच राहिलें, कीं ही भागीदारी मोडते; शैवाल बाहेर टाकलें जातें आणि प्रवाळ पांढरें फटफटीत पडतें. त्यानंतरही पाणी लवकर निवलें नाहीं, तर तें उपासमारीनें मरतें. समुद्रतळाच्या शंभरांतील एका हिश्शाहूनही कमी जागा या भिंतींनीं व्यापली आहे. परंतु समुद्रांतील सुमारें चतुर्थांश जीवजाती कोणत्या ना कोणत्या अवस्थेंत तिच्या आश्रयानें राहतात. एवढें ज्याचें महत्त्व आणि एवढा ज्याचा नाजूकपणा, तें बैठकींत मांडण्यापूर्वीं मनुष्यानें क्षणभर थांबावें, हें उचित होय.

समुद्र घरीं आणण्याची ही कल्पना आजकालची नाहीं. सन १८३२ च्या सुमारास झान व्हिलप्रो-पॉवर या विदुषीनें सिसिली बेटावर समुद्रांतील प्राणी निरखण्यासाठीं कांचेच्या पेट्या करविल्या होत्या. पुढें १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं जलचरांचें पहिलें दालन उघडलें. त्या कामांत ज्याचा मोठा हात होता तो फिलिप हेन्री गॉस हा गृहस्थ निसर्गाचा बारीक निरीक्षक होता आणि स्वभावानें अत्यंत धर्मनिष्ठ होता. १८५४ सालीं त्यानें या विषयावर एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठीं कृत्रिम खारें पाणी करण्याची कृतिही त्यानें दिली. परिणाम काय झाला ? इंग्लंडांत घरोघर कांचेच्या पेट्या आल्या, लोक आगगाड्यांनीं किनाऱ्यावर लोटले आणि डेव्हनच्या खडकांतील जीं पाण्याचीं डबकीं शतकानुशतकें फुलांच्या ताटव्यांसारखीं होतीं, तीं हौशी लोकांनीं ओरबाडून रिकामीं केलीं. गॉसचा पुत्र एडमंड यानें १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत त्या उजाड किनाऱ्याचें दुःख लिहून ठेविलें आहे आणि आपल्याच ग्रंथांनीं हा अनर्थ ओढवला, ही जाणीव पित्याच्या मनास किती बोंचत होती, तेंही सांगितलें आहे. ज्यानें समुद्रावर मनापासून प्रेम केलें, त्याच्याच लेखणीनें किनारा उजाड व्हावा, यापेक्षां मोठा धडा कोणता ? हौस प्रामाणिक असली म्हणजे निरुपद्रवी असतेच असें नाहीं, एवढें यावरून ध्यानांत ठेवावें.

असो. आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. कारण हौशी मनुष्याचा खरा उत्साह येथेंच दिसतो आणि खरी कसोटीही येथेंच लागते. समजा, पेटी दोनशें लिटर पाण्याची आहे. समुद्राच्या पाण्यांत लिटरामागें सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात; म्हणजे पहिल्या भरणीलाच सात किलो क्षार लागले. हें घरांतील मीठ टाकून भागत नाहीं. समुद्राच्या क्षारांत क्लोराइड सुमारें ५५ टक्के व सोडियम सुमारें ३० टक्के असलें, तरी उरलेल्या भागांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आदि पदार्थ ठराविक प्रमाणांत असतात आणि त्यांवांचून समुद्रजीव जगत नाहींत. म्हणून मत्स्यालयासाठीं तयार केलेलें मिश्रणच वापरावें लागतें. तें मिसळावयाचें पाणीही शुद्ध हवें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन व विहिरीच्या पाण्यांतील क्षार हे दोन्ही येथें शत्रुच. आर. ओ. यंत्राचें पाणी घ्यावें, तर एका लिटरामागें दोनतीन लिटर पाणी यंत्र बाहेर टाकतें. ज्या शहरांत उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या वस्त्या आहेत, तेथें हें पाणी मोरींत सोडून देणें शोभत नाहीं. फरशी पुसण्यास वा भांडीं घासण्यास तें उपयोगांत आणलें पाहिजे.

पेटीचें वजनही विसरूं नये. पाणी दोनशें किलो, वर दगड, वाळू व कांच. सर्व मिळून तीनशें किलोंच्या घरांत भार जातो. या बाबतींत लकडगंजाचें भाग्य मोठें. आलापल्लीच्या सागवानाची ख्याति दूरवर आहे आणि लांकडाचें मोल जाणणारे कारागीर आपल्या शेजारींच आहेत. पेटीखालचें टेबल त्यांच्याकडून भक्कम करून घ्यावें. प्लायवूडचें करूं नये, कारण खाऱ्या पाण्याचे थेंब पडून तें लवकरच फुगतें. मात्र याच भागांत आरागिरण्यांचा भुसा व पॉलिशचा उग्र वास हवेंत असतो. तेव्हां पेटी रस्त्याच्या खिडकीपासून दूर ठेवणें हें शहाणपणाचें.

पाणी भरलें, पंप लावला, दिवा लावला, कीं मासे आणण्यासाठीं जीव उतावीळ होतो. येथेंच बहुतेक नवशिक्यांचा घात होतो. माशाच्या मलमूत्रापासून व उरलेल्या अन्नापासून पाण्यांत अमोनिया उत्पन्न होतो आणि तो विषारी आहे. समुद्रांत पाणी अफाट असल्यानें त्याचें कांहीं चालत नाहीं. दोनशें लिटरांत मात्र तो दोन दिवसांत प्राण घेतो. यावर उपाय सृष्टीनेंच केला आहे. एका जातीचे सूक्ष्म जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात, तेंही विषारीच असतें; दुसऱ्या जातीचे जंतु त्याचें नायट्रेट करतात, तें पुष्कळ सौम्य असतें. हे जंतु दगडांच्या व वाळूच्या अंगावर वस्ती करतात आणि ती वस्ती बसण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळांत पेटींत पाहण्याजोगें कांहींच नसतें. दगड तपकिरी पडतात, कांचेवर शेवाळ धरतें, पाहुणे येऊन विचारतात कीं, मासे कोठें आहेत ? परंतु डोळ्यांस न दिसणारी ही वस्तीच खरा समुद्र होय. मासे हे तिचे केवळ भाडेकरू आहेत. सहा आठवडे रिकाम्या पेटीकडे पाहत, दर दोन दिवसांनीं पाणी तपासून वहींत आंकडे मांडण्याची ज्याची तयारी नाहीं, त्यानें ही हौस करूं नये. आणि ज्याची तयारी आहे, त्याला या सहा आठवड्यांत रसायनशास्त्राचे जे धडे मिळतील, ते वर्गांतील फळ्यावर सहा महिन्यांतही मिळणार नाहींत.

यापुढें नागपूरचा उन्हाळा उभा राहतो. प्रवाळें व त्यांच्या सोबतचे मासे यांना साधारण २४ ते २६ अंशांचें पाणी मानवतें; तीस अंशांच्या वर तें बराच काळ राहिलें, तर प्रवाळाची धडगत नाहीं. इकडे आपल्या वैशाखांत पारा ४५ अंशांच्या वर चढतो आणि बंद घरांतील पाणीही सहज चौतीस-पस्तीस अंशांवर जातें. त्यांत खाऱ्या पाण्यांत प्राणवायु गोड्या पाण्यापेक्षां सुमारें एक पंचमांशानें कमी विरघळतो आणि पाणी तापावें तसतसा तो आणखी कमी होतो. शीतयंत्र लावावें, तर तें महाग व विजेचा खर्च निरंतर. समजा, पंप, दिवे व शीतयंत्र मिळून सरासरी दीडशें वॅट वीज चोवीस तास खर्च झाली, तर महिन्याकाठीं १०८ युनिटें झालीं. शिवाय ऐन दुपारीं वीज गेली, कीं पंप थांबतो आणि कांहीं तासांत मासे पाण्याच्या पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकूं लागतात. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप प्रथमपासून घरांत ठेवणें हें येथें चैनीचें नसून गरजेचें आहे.

तथापि, या उन्हाळ्यांतच त्याचा एक उताराही आहे, आणि तो आपल्या आजीबाईंस ठाऊक होता. माठांतील पाणी थंड कां होतें ? बाहेर झिरपलेल्या पाण्याची वाफ होतांना ती आंतील उष्णता घेऊन जाते. वाळ्याच्या ताट्या व आपले कूलर यांचेंही मर्म हेंच. हिशेब केला तर असें दिसतें कीं, एक लिटर पाण्याची वाफ होतांना दोनशें लिटर पाणी जवळजवळ तीन अंशांनीं निवण्याइतकी उष्णता निघून जाते. म्हणून चैत्र-वैशाखाच्या कोरड्या हवेंत पेटीच्या पृष्ठभागावर साधा पंखा सोडला, तरी पाणी बरेंच निवतें. कोंकणांतील दमट हवेंत ही युक्ति इतकी लागू पडत नाहीं. येथें समुद्र नसण्याचा लाभ झाला म्हणावयाचा! परंतु सृष्टि कोणतीही गोष्ट फुकट देत नाहीं. वाफ होतें तें केवळ पाणी. क्षार मागें राहतात. दोनशें लिटरांतून वीस लिटर पाणी उडून गेलें, तर सात किलो क्षार एकशें ऐंशीं लिटरांत उरले. म्हणजे लिटरामागें ३५ ग्रॅमांचे जवळजवळ ३९ ग्रॅम झाले. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई रोजच्या रोज आणि गोड्या, शुद्ध पाण्यानेंच करावी लागते. तिच्यांत खारें पाणी घातलें, तर क्षार वाढतच जातात. उन्हाळ्याच्या सुटींत महिनाभर मामाच्या गांवीं जावयाचें असेल, तर हा रोजचा गडवा कोण ओतणार, याचा विचार पेटी विकत घेण्यापूर्वीं करावा. आठवड्यास वीस लिटर पाणी बदलण्याचा परिपाठ ठेविला, तर वर्षाला सुमारें ३६ किलो क्षार लागतात. आणि तें काढलेलें खारें पाणी तुळशीवृंदावनांत वा बागेंत ओतल्यास झाडें मरतात, हेंही सांगून ठेवतों.

येथपर्यंत ज्या अडचणी सांगितल्या त्या पैशानें, चिकाटीनें व बुद्धीनें दूर होण्यासारख्या आहेत. प्रवाळाची गोष्ट निराळी आहे. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत २००१ सालीं प्रवाळें व समुद्रघोडे यांचा समावेश करण्यांत आला. भिंती बांधणारीं सर्व दगडी प्रवाळें, काळीं प्रवाळें, समुद्रपंखे, अग्निप्रवाळें व नळीप्रवाळें हीं त्यांत येतात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतरही प्रवाळांचें तें स्थान कायम आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें पेंचच्या जंगलांतील वाघ आणि मालवणच्या समुद्रांतील प्रवाळ हे एकाच पंक्तीस बसतात. पहिल्या परिशिष्टांतील जीवाविषयींच्या अपराधास तीन ते सात वर्षांची कैद सांगितली आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याचें काम चालू असतां २०२० सालीं वरळी व हाजी अली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती वाटेंत आल्या. तेव्हां त्या हलविण्यासाठीं प्रत्यक्ष महानगरपालिकेसही वनखात्याची परवानगी काढून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचें साहाय्य घ्यावें लागलें. जी गोष्ट महानगरपालिकेस आपल्या मर्जीनें करतां येत नाहीं, ती लकडगंजांतील एखाद्या घरांत दुकानदाराच्या पिशवीतून कशी येते, हा प्रश्न विकत घेणारानें स्वतःस विचारावा.

आणि कायदा बाजूस ठेविला, तरी समुद्राची आजची स्थिति काय आहे ? आपल्या महाराष्ट्राला प्रवाळांचें धन थोडेंच लाभलें आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोंवतीं, जेथें १९८७ सालीं मालवणचें सागरी अभयारण्य जाहीर झालें, तेथें कांहीं प्रवाळें आहेत. आणि विजयदुर्गापासून सुमारें शंभर किलोमीटर आंत, भर समुद्रांत, आंग्रिया बँक या नांवाचें एक बुडालेलें पठार आहे, त्यावर प्रवाळांची वस्ती आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांचें नांव ज्यास मिळालें, तें हें स्थळ आपल्यापैकीं कितीजणांस ऐकून तरी ठाऊक आहे ? समुद्राचें पाणी जसजसें तापत आहे, तसतशी प्रवाळें पांढरीं पडण्याचीं संकटें वरचेवर येऊं लागलीं आहेत. १९९८, २०१० व २०१६ या वर्षीं लक्षद्वीपच्या प्रवाळांनीं तीं सोसलीं. आणि जगाच्या सर्व महासागरांत पसरलेलें असें चौथें संकट चालू असल्याचें एप्रिल २०२४ मध्यें शास्त्रज्ञांनीं जाहीर केलें. पृथ्वीचें तपमान दीड अंशानें वाढलें, तर प्रवाळभिंतींचा ७० ते ९० टक्के भाग नष्ट होईल, असें हवामानविषयक आंतरराष्ट्रीय मंडळानें २०१८ सालींच सांगून ठेविलें आहे. घराला आग लागली असतां त्यांतील एखादी सुंदर खुर्ची उचलून आपल्या बैठकींत मांडणाऱ्या शेजाऱ्यास आपण काय म्हणूं ?

यावर कोणी म्हणेल, “खुर्ची आगींत जळण्यापेक्षां बैठकींत राहिली तर बिघडलें काय ? हौशी लोकांनींच तर प्रवाळ वाढविण्याची विद्या शोधून काढली.” या आक्षेपांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. बर्लिन व इतर शहरांतील हौशी मंडळींनीं गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत जिवंत खडक, तीव्र प्रकाश व फेंस काढणारीं यंत्रें यांच्या साहाय्यानें प्रवाळें पेटींत जगविलीं. प्रवाळाचा लहान तुकडा तोडून त्यापासून नवी वसाहत वाढविण्याची कृति त्यांनीं हातीं आणली. आणि आज उजाड भिंतींवर प्रवाळ लावण्याचे जे प्रयत्न होतात, त्यांना या अनुभवाचा उपयोग होतो. परंतु ती विद्या ज्यांनीं मिळविली, त्यांनीं वर्षानुवर्षें नोंदी ठेवल्या व चिकाटीनें प्रयोग केले. पहिलीच पेटी मांडणारा मनुष्य प्रवाळ वांचवीत नसतो. तो त्याच्यावर आपला हात बसवीत असतो. दगडी प्रवाळास लिटरामागें ४०० मिलिग्रॅमांहून अधिक कॅल्शियम सतत लागतें, क्षारता व तपमान रोज जवळजवळ एकसारखें लागतें, आणि एक दिवसाचा हलगर्जीपणाही त्याला पुरतो. त्याचें मरणही मोठें मुकें असतें. मासा तडफडतो, तें आपल्यास दिसतें. प्रवाळ मात्र फुलाप्रमाणें हळूहळू मिटत जातें आणि मागें एक पांढरा, सुबक सांगाडा राहतो, जो आणखी कित्येक दिवस ‘शोभेचा’ म्हणून पेटींत तसाच राहतो.

माशांच्या बाबतींतही हाच विवेक हवा. गोड्या पाण्यांतील शोभेचे मासे बहुतांशीं हौदांत पैदा केलेले असतात. समुद्रांतील मासे मात्र बहुतेक समुद्रांतूनच पकडून आणतात. कांहीं देशांत, विशेषतः फिलिपाइन्स बेटांत, सायनाइडचें पाणी प्रवाळाच्या कपारींत सोडून मासे गुंगवून पकडण्याची दुष्ट रीत पडली. त्या विषानें मासा तर पुढें मरतोच, पण ज्या प्रवाळाच्या आश्रयास तो होता तेंही मरतें. सुदैवानें यालाही उपाय निघाला आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं विदूषक मासा व त्यासारख्या जाती हौदांत पैदा करण्याच्या रीती बसविल्या आहेत. आणि आपल्या महाराष्ट्रांतही ऐरोली येथें या माशाची पैदास करण्याचें काम झालें आहे. हा नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा म्हणजे एक चमत्कारच. जन्मतः सर्व पिल्लें नर होण्याच्या मार्गावर असतात. कळपांतील सर्वांत मोठा मासा मादी होतो. ती मेली तर तिचा जोडीदार नरच पुढें मादी बनतो. अंडीं सांभाळण्याचें, त्यांस पंखांनीं वारा घालण्याचें काम पिता करतो. हौदांत जन्मलेली अशी एक जोडी दोनशें लिटरांच्या पेटींत वर्षानुवर्षें सुखानें राहते.

तेव्हां लकडगंजांतील ज्या कोणा तरुणास ही हौस आहे, त्यास माझी सूचना अशी. पहिलें वर्ष गोड्या पाण्याला द्यावें आणि पाणी सांभाळण्याची संवय हाताला लावावी. दुसऱ्या वर्षीं खारें पाणी करावें. दगड समुद्रांतील न आणतां कृत्रिम, सच्छिद्र असे घ्यावेत, जंतूंची वस्ती त्यांवरही तितकीच चांगली होते. वस्ती बसल्यावर हौदांत पैदा झालेली विदूषक माशांची एक जोडी आणावी, आणि दुकानदारास ‘हा मासा कोठला ?’ असा प्रश्न विचारण्याची लाज बाळगूं नये. जो दुकानदार या प्रश्नाचें उत्तर देत नाहीं, त्याच्याकडून मासा घेऊं नये. पेटींत हिरवें समुद्रशैवाल वाढवावें. तें नायट्रेट शोषून घेतें आणि डोळ्यांसही गोड दिसतें. प्रवाळ पाहण्याची इच्छा झाली, तर सुटींत मालवणास जावें, ओहोटीच्या वेळीं खडकांवर हळूच पाय ठेवावा, आणि पाहून रिकाम्या हातांनीं परत यावें. एखाद्या घराला एकट्यानें हा खर्च झेपत नसेल, तर चारपांच मित्रांनीं मिळून अथवा शाळेनेंच अशी एक पेटी ठेवावी. पाणी तपासण्याच्या पाळ्या लावाव्यात आणि वहीवर प्रत्येकाची सही असावी. एका पेटीभोंवतीं चाळीस मुलें शिकतील, तर तिचा खर्च महाग म्हणतां येणार नाहीं.

शेवटीं एका जुन्या नागपूरकराचें स्मरण करून देतों. स्टीफन हिस्लॉप या मिशनरी शिक्षकाचें नांव येथील एका महाविद्यालयामुळें सर्वांस परिचित आहे; परंतु १८६३ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यानें या प्रदेशाच्या भूगर्भाचा जो अभ्यास केला, तो आज थोड्यांसच ठाऊक आहे. टाकळीच्या परिसरांतील काळ्या खडकांच्या थरांमध्यें त्याला लक्षावधि वर्षांपूर्वींच्या गोगलगाईंचीं शिंपलीं दगड होऊन पडलेलीं सांपडलीं. तीं गोड्या पाण्यांतील होतीं. म्हणजे लाव्हाच्या दोन लोटांमधल्या काळांत येथें तळीं होतीं, असें त्यावरून उमजलें. हिस्लॉपला नागपुरांत समुद्र आणावा लागला नाहीं. जें पायाखालीं होतें तेंच त्यानें अशा डोळ्यांनीं पाहिलें, कीं साऱ्या विद्वज्जगानें त्याची दखल घेतली. आज आपल्या अंबाझरी व फुटाळ्याच्या पाण्यांत, भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तळ्यांत जे मासे, गोगलगाई व शैवालें आहेत, त्यांकडे असे डोळे किती वळतात ?

घरांतील खारी पेटी हें अशा डोळ्यांना वळण लावण्याचें साधन झाली, तर लकडगंजांत समुद्र अवश्य यावा. परंतु तो मिठाच्या पोत्यांतून, वहींतील आंकड्यांतून आणि सहा आठवड्यांच्या धीरांतून यावा. कोणा मच्छीमाराच्या पहारीनें फोडलेल्या भिंतीच्या तुकड्यांतून येऊं नये. जें निर्माण होण्यास शतकें लागलीं तें आपल्या बैठकीच्या शोभेसाठीं तोडण्याचा अधिकार कोणाही हौशी मनुष्यास नाहीं, एवढें तत्त्व तरुण वाचकांनीं मनांत धरावें आणि मग खुशाल पेटी भरावयास घ्यावी.